पाखरं बघायला जाताना डब्यात काय न्यावं

बार्शी रस्त्याने नान्नजचा माळ सोलापुरापासून वीसेक किलोमीटर. उजाडायला तिथं पोचायचं तर पहाटे साडेपाचला गाडी निघाली पाहिजे. त्या वेळी उठून कुणी ताजं काही करून देईल ही आशा सोडलेली बरी. डबा रात्रीच भरायचा, आणि तो उघडणार दुसऱ्या दिवशी दहा-अकराला, उन्हात, टपाच्या सावलीत किंवा एखाद्या बाभळीखाली. हिप्परग्याला तलावाच्या काठाने फिरा नाहीतर उजनीच्या पाणलोटाला जा, हिशोब तोच. पक्षी बघणाऱ्यांच्या गटात दुर्बीण कुठली घ्यावी यावर जितका वाद होतो त्याच्या निम्मा जरी डब्यावर झाला, तरी पुष्कळ सकाळी सुखाच्या जातील.

डब्याची कसोटी चवीच्याही आधी एकच : रात्री भरलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी अकराला कसा वागतो? पोळी-भाजी आठपर्यंत छान असते. नंतर भाजीचं पाणी पोळीत उतरतं आणि झाकण उघडलं की वास येतो. सँडविचचंही तेच, त्यात काकडी-टोमॅटो असेल तर बघायलाच नको. आपल्याकडे यावर तोडगा फार जुना आहे : कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. दोन्हींत पाणी नाही, म्हणून दोन्ही नासत नाहीत.

कडक भाकरी बाजारात पाकिटातून मिळते, वाईट नसते. पण घरी केली तर जाडी आपल्या हातात राहते, आणि सगळा खेळ जाडीचाच आहे. ज्वारी मालदांडी घ्या. पीठ आठवड्याच्या आत दळलेलं हवं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो, त्यात पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरा पडतात. अशा पिठाला कढत पाणी घातलं की पिठूळ भाग फुगून धरून ठेवतो, म्हणून पीठ ताजं असलं तरी पाणी गरमच वापरावं. अर्धा किलो पिठाला साधारण ४०० मिली पाणी आणि सपाट चमचाभर मीठ. पाणी एकदम ओतू नका, शेवटचं पाव वाटी मागे ठेवा. आवडत असतील तर दोन चमचे तीळ. मळून ठेवायचं नाही. एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा, तळव्याने चांगला रगडायचा आणि लगेच थापायचा. एवढ्या पिठात सात-आठ भाकरी होतात. रोजच्या भाकरीपेक्षा निम्म्या जाडीच्या थापा, आणि मध्य कडेपेक्षा जाड राहू देऊ नका. नवख्याची भाकरी हमखास तिथंच फसते.

तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची. दुसरी बाजू झाली की भाकरी फुगते. रोजच्या भाकरीला आपण इथं थांबतो. कडक भाकरीचं खरं काम इथून पुढे. फुगली की सुती फडक्याने दाबून वाफ बाहेर काढायची, नाहीतर पापुद्र्याच्या आत ती कोंडून राहते. मग गॅस अगदी बारीक करून तीच भाकरी तव्यावर आठ-दहा मिनिटं, दाबत आणि फिरवत, दोन्ही बाजूंनी. चूल असेल तर निखाऱ्याला टेकवून उभी करतात, ते सगळ्यांत उत्तम. ओव्हन असेल तर १२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. एक भाकरी मधोमध मोडून बघा. कट्टकन तुटली तर झाली. जराशी जरी वाकली तरी परत तव्यावर, कारण तो ओला मध्य चौथ्या दिवशी बुरशी धरतो.

गार करताना एकावर एक रचू नका. खालच्या भाकरीची वाफ वरचीला लागते आणि दोन्ही चिवट होतात. भिंतीला टेकवून उभ्या करा, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. थंडी-उन्हाळ्यात महिनाभर सहज टिकतात. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर सादळतात, तेव्हा तव्यावर दोन मिनिटं. बाजरीची करायची असेल तर आठवड्यात संपेल इतकीच. बाजरीत तेल जास्त असतं आणि ते लवकर कडवट होतं.

कडक भाकरीचा एकच दोष : ती वाजते. चंडोल किंवा धाविक पंधरा पावलांवर आला असताना कुणी भाकरी मोडली की संपलं. तुकडे रात्रीच करून, फडक्यात गुंडाळून ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, तिचा आवाज भाकरीपेक्षा वाईट.

आता चटणी. सोलापूरच्या शेंगाचटणीत खोबरं नाही, साखर नाही, चिंच नाही. २५० ग्रॅम शेंगदाणे, गावरान लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या, एक चमचा जिरे, पोह्याचे चार चमचे लाल तिखट, सव्वा चमचा मीठ. शेंगदाणे मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं भाजायचे. मोठ्या आचेवर सालं काळी पडतात, आतला दाणा मात्र कच्चाच राहतो आणि चटणीला हिरवट वास येतो. दाणा मोडून बघावा, आतून बदामी रंग आला पाहिजे. गार झाल्यावर सालं चोळून पाखडून टाकायची.

गार झाल्यावर, हे महत्त्वाचं. गरम दाणे मिक्सरला लावले तर अर्ध्या मिनिटात त्याचं लोणी होतं, मग ती चटणी राहत नाही. खरी चटणी उखळात कुटतात. घाव बसत राहतात तसं दाण्याचं तेल हळूहळू सुटतं, तिखट-मीठ त्या तेलात मुरतं, आणि शेवटी ती मुठीत दाबली की ढेकूळ धरते, पण दाण्याचे कण तोंडात लागतात. घरात उखळ नसेल तर खलबत्त्यात थोडी थोडी करा. मिक्सरच हाताशी असेल तर आधी लसूण, जिरे, मीठ, तिखट एकत्र फिरवा, मग दाणे घालून एकेक झटका द्या, दोन सेकंदांच्या वर नाही, मध्ये चमच्याने खालवर करा. सातव्या-आठव्या झटक्याला थांबा. भांडं हाताला गरम लागलं तर तसंच पाच मिनिटं सोडा.

लसणाचं एक बघावं लागतं. कच्च्या लसणात पाणी असतं. घरी आठवड्यात संपणाऱ्या चटणीला काही होत नाही, पण महिनाभर पुरवायची असेल तर पाकळ्या ठेचून अर्धा दिवस उन्हात वाळवा, नाहीतर चमचाभर तेलात कोरड्या होईपर्यंत परता. चटणी खवट होते ती मात्र लसणामुळे नाही, दाण्याच्या तेलाला हवा आणि ऊन लागल्यामुळे. म्हणून मोठी बरणी गाडीत फिरवू नये, एका सकाळपुरती छोटी डबी भरावी.

तेल सुटलेली चटणी चांगली की कोरडी, यावर सोलापुरात भावाभावांत मतभेद असतात. घरी ताटात तेलाचीच. दुर्बीण गळ्यात असेल तर कोरडी, आणि याला कारण आहे. चटणीचं बोट फोकसच्या चाकाला लागतं, तिथून आयकपच्या रबराला, आणि पुढच्या वेळी दुर्बीण डोळ्याला लावली की डोळ्यातून पाणी काढते. भिंगाला लागलं तर आणखी वाईट : लोक शर्टाच्या टोकाने पुसतात आणि तिखटाचा कण भिंगाच्या लेपावर चरे पाडतो. आधी फुंकणीने कण उडवायचे, मग मऊ कापडावर भिंगाच्या द्रावणाचा एक थेंब घेऊन पुसायचं. सोपा उपाय असा : खाण्यापूर्वी दुर्बीण काढून गाडीत ठेवावी, आणि एका छोट्या बाटलीत साबणाचं पाणी जवळ असावं. नुसत्या पाण्याने तिखटाचं तेल जात नाही.

गटात पाच जण म्हणजे पाच पथ्यं. कुणी कांदा-लसूण खात नाही, कुणाला साखरेचा त्रास, आणि पंढरपूरचा जिल्हा असल्यामुळे एकादशी धरणारे असतातच. सगळ्यांसाठी एकच पदार्थ शोधण्याच्या भानगडीत पडू नये. भाकरी सगळ्यांची एक, डब्या वेगळ्या. बिनलसणाची कारळाची चटणी करावी : वाटीभर कारळं तडतडेपर्यंत कोरडी भाजायची, दोन चमचे किसलेलं सुकं खोबरं, जिरे, तिखट, मीठ, आणि जाडसर कुटायचं. कारळं करपली तर कडू लागतात, भांडं उतरवल्यावरही भाजली जात राहतात, म्हणून लगेच ताटात काढा. उपवासवाल्यांना विचारून घ्यावं, कारण एकाला लाल तिखट चालतं, दुसऱ्याला फक्त हिरवी मिरची, तिसऱ्याला जिरंही नको. त्यांच्यासाठी भाजलेले शेंगदाणे, खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू निमूट भरावेत. भगर नेऊ नये, गार झाली की दगड होते.

शहराच्या पूर्व भागातली तेलुगू घरची मंडळी गटात असली तर पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, येतो, आणि खरं सांगायचं तर थंडीच्या दिवसांत तो भाकरीवरही मात करतो. जुना तांदूळ एक वाटी, पाणी पावणेदोन वाटी, भात मोकळा झाला पाहिजे. परातीत पसरून वरून हळद आणि चमचाभर कच्चं तेल घालायचं आणि पूर्ण गार करायचा. गरम भात कालवला की त्याचा लगदा होतो. लिंबाएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ काढायचा. तीन चमचे तेलात मोहरी, हरभरा डाळ, उडीद डाळ, शेंगदाणे, सुक्या मिरच्या, कढीपत्ता, हिंग, मग कोळ आणि मीठ, आणि कडेने तेल सुटेपर्यंत आटवायचं. घाईत हेच राहतं. न आटलेल्या कोळाचं पाणी भातात उतरतं आणि तो आंबतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री कालवून ठेवला तर सकाळी जास्त मुरलेला लागतो. मार्चनंतर पहाटेच कालवावा आणि नऊच्या आत संपवावा, चिंच असली तरी सोलापूरच्या उन्हापुढे भाताचा भरवसा नाही.

मटण-अंड्याचे शौकीन असतात. त्यांनी ती हौस परतताना ढाब्यावर भागवावी. वासाने गावातली कुत्री माळावर येतात आणि गाडीमागे फिरतात. टिटवी, धाविक, चंडोल, सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालतात, त्यांना लांडग्यापेक्षा ही कुत्री महागात पडतात. हाच न्याय उरलेल्या भाकरीच्या चुऱ्यालाही. पाखरांना टाकला तर काय बिघडलं असं वाटतं, पण त्या चुऱ्यावर चंडोल येत नाही, कावळा येतो, आणि कावळा अंडीही शोधतो. साली, चुरा, कागद सगळं पिशवीत घालून परत. नान्नजच्या अभयारण्यात तर डबा उघडूच नये, बाहेर येऊन खावं. माळढोकासाठी १९७९ साली राखलेला तो माळ आहे. आता माळढोक दिसणं दुर्मीळ झालं असलं तरी काळवीट आणि भोवत्या (माळावरचे शिकारी पक्षी) तिथं आहेत, आणि त्यांना आपली वर्दळ जितकी कमी तितकी बरी.

चहाचं थोडक्यात. दुधाचा चहा थर्मासमध्ये तीन तासांनी शिळा लागतो. कोरा, गवती चहा आणि आलं घातलेला न्या, दूध पावडर वेगळी. थर्मासात आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, मग ते ओतून देऊन चहा भरा, जास्त वेळ गरम राहतो. पाणी हिवाळ्यात माणशी दीड लिटर, मार्चपासून तीन. ताकाची बाटली अर्धी भरून रात्री फ्रीजरमध्ये आडवी ठेवा, सकाळी वरून गार ताक घाला, अकरापर्यंत गार राहतं.

डाळिंब आपल्याच जिल्ह्याचं, पण माळावर सोलत बसू नये. घरूनच दाणे काढून डबीत.

जानेवारीचा महिना वेगळा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरोघरी असते, गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरात गाडी काढायची सोय नसते, आणि शेतात हुरडा आलेला असतो. याच दिवसांत भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात. मध्य आशियाकडून आलेली ही पाखरं आणि आपण एकाच कणसावर टपलेले असतो, शेतकरी गोफण घेऊन दोघांकडेही सारख्याच संशयाने बघतो. म्हणून आधी विचारावं, कणसांचे पैसे द्यावेत, मगच दुर्बीण काढावी.

हुरड्याचं कणीस पारखायला दाणा नखाने दाबायचा. पांढरा चीक उडाला तर अजून कोवळं, नख उमटलंच नाही तर गेलं. दाणा मऊ पण घट्ट लागला की भाजायचं. गूळभेंडी ज्वारी मिळाली तर दुसरं बघू नये. तिचा दाणा गोड आणि चोळल्यावर कोंड्यातून सुटा निघतो, मालदांडीचा कोंडा सोडवता सोडवता हात भाजतात. आगटीत गोवऱ्यांचा जाळ विझून नुसता आर राहिला की कणसं खुपसायची, तीन-चार मिनिटं, फिरवत. ज्वाळेत धरलं तर कोंडा जळतो आणि दाण्याला धुराचा वास लागतो. गरम असतानाच तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि लगेच खायचं, गार हुरडा चिवट होतो. सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही. दही आणि चटणी आधीच कालवून नेऊ नका, तासाभरात पाणी सुटतं. हुरड्याला जायच्या दिवशी भाकरी निम्मी घ्या आणि चटणी दुप्पट, कारण शेतकऱ्याच्या घरचे चार जण बसायला येतातच.