सी हॉकचा रंग

शाळेच्या प्रदर्शनासाठी पोरांनी आज थर्माकोलचं सी हॉक, म्हणजे आपल्या नौदलाचं जुनं लढाऊ विमान केलं. नौदलात मेकॅनिक राहिलेले आमचे मोठे काका पराटीच्या (कपाशीच्या) वावरातून थेट पाहायला आले. "पंखाले तिरंगा काहून फासला बाप्पा? वरून गडद करडा, पोटाले फिकट. समुद्रावर उडाचं होतं त्याले, वरातीत नाही!" मग पंखावर नखानं रेघ मारली, "इथून दुमडते. जहाजावर जागा कुठं रायते?"

१९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून याच विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले केले. ते दाखवायचं तर रंगही त्याच काळातला हवा ना! संग्रहालयांची अडचण मात्र खरी आहे. विमान वर्षानुवर्षं उडतं, मधे रंग बदलतो, सुटे भाग दुसऱ्या विमानाचे लागतात. माझ्या मते एक साल ठरवावं आणि नवं काय बसवलं ते पाटीवर सरळ लिहावं. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, तिथल्यासारख्या खाऱ्या हवेत उघड्यावरच्या विमानाला रंग द्यावाच लागणार. पण जुना थर नमुना न ठेवता खरवडला, की पुरावाच गेला.

पोरं करडा रंग कालवायला बसली आहेत. मास्तर म्हणतात, पाहुण्यांना तिरंगाच आवडेल. उद्या काकांशी त्यांची जुंपणार बहुतेक.