माझा अनुभव: मामेभावाला गांजाचं चॉकलेट चढलं ती रात्र

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी मामेभावालाच विचारलं, तो म्हणाला ताई लिही फक्त माझं नाव नको. तर नाव नाही. वय २१, तब्येत ठणठणीत, आणि आधी कधीतरी मित्रांच्यात जॉइंटचे दोन-चार पफ मारलेले, एवढाच काय तो गांजाचा अनुभव.

रात्री साडेनऊला त्याच्या रूममेटचा फोन. "ताई तुम्ही जरा येता का, हा विचित्र वागतोय." विचित्र म्हणजे काय रे, तर नुसतं "या ना तुम्ही". पाच मिनिटांवर राहतात दोघं, होते तशीच निघाले.

हा जमिनीवर, पाठ भिंतीला टेकलेली, दोन्ही हात छातीवर. चेहरा पांढराफटक, डोळे लालबुंद, तोंडाला इतकी कोरड की शब्द चिकटून चिकटून बाहेर येतायत. मला बघितल्याबरोबर म्हणाला, "ताई माझं हार्ट बंद पडतंय." आणि समोर रूममेट ग्लासात मीठपाणी ढवळत उभा, उलटी काढायला. तो ग्लास मी आधी हातातून काढून घेतला. मला फार कळत होतं अशातला भाग नाही, पण हा बोलता बोलता डोळे मिटत होता, अशा माणसाच्या घशात जबरदस्तीने काही ओतलं आणि श्वासनलिकेत गेलं तर काय करायचं एवढंच डोक्यात आलं. (नंतर डॉक्टरही तेच म्हणाल्या, उलटी मुद्दाम काढायचीच नाही.) रूममेटचा पुढचा प्लॅन थंड पाण्याच्या शॉवरचा होता, तोही बंद केला, धड उभं राहता येत नसलेल्या माणसाला ओल्या फरशीवर कुठे नेणार.

मग हळूहळू बाहेर आलं. गांजाचं चॉकलेट. पाकिटावर लिहिलेलं पूर्ण बार १०० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं रसायन), तुकडे दहा, म्हणजे एका तुकड्यात १० मिलिग्रॅम. सातला याने दोन तुकडे खाल्ले, आठ वाजले तरी "काहीच होत नाहीये यार" म्हणून अजून दोन. झाले ४०. नवख्या माणसाला अडीच ते पाच मिलिग्रॅम पुरे असतं हे मला आता माहितीये, तेव्हा आकड्याचा अर्थच लागत नव्हता. आणि पाकिटावरचा आकडा तरी खरा असतो याची काय गॅरंटी.

खरी गोची इथेच आहे. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन-चार तासांत उतरायला लागतो, त्यामुळे माणसाला कळतं की आता बास. खाल्लेला अर्ध्या तासापासून ते दोन तासांपर्यंत कधीही चढतो, जोर यायला अजून एखाद-दोन तास, आणि सगळं उतरायला सहा-आठ तास, कधी बारासुद्धा. वर लिव्हर त्या टीएचसीचं जे दुसरं रूप बनवतं ते मेंदूत अजून जोरात लागतं. म्हणजे मी साडेनऊला पोचले तेव्हा त्याचे पहिले दोन तुकडे जेमतेम जोरात आले होते आणि दुसरे दोन अजून वाटेत. मला वाटत होतं सगळ्यात वाईट होऊन गेलंय. ते पुढे होतं.

टीव्ही बंद केला, मोठा लाइट बंद केला, एक दिवा ठेवला. मनगट धरून नाडी मोजली, अर्ध्या मिनिटात ६६, म्हणजे मिनिटाला १३२. बसलेल्या माणसाची साधारण ६० ते १०० असते. वेग होता पण ठोके एकसारखे होते, श्वास नीट चालू होता, नाव घेतलं की डोळे उघडत होता. एक जुना लिफाफा पडलेला होता, त्याच्या मागे लिहीत गेले, ९:४५ नाडी १३२, हाक मारली उत्तर दिलं. दर दहा मिनिटांनी एक ओळ. का लिहीत होते विचाराल तर मुख्य म्हणजे माझे हात थरथरू नयेत म्हणून, पण पुढे त्या कागदाने काम केलं.

"काही झालेलं नाहीये तुला, शांत हो" हे मी पहिली दहा मिनिटं म्हणत होते आणि तो जास्तच पिसाळत होता, त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, त्याचं हार्ट गळ्यात आलंय आणि समोरची बाई म्हणतेय काही झालं नाही. मग वाक्य बदललं. "तुला गांजा चढलाय, म्हणून धडधडतंय, काही तासांत उतरेल, मी इथून हलत नाही." हे चाललं. तेच वाक्य, त्याच आवाजात, परत परत. दर दोन मिनिटांनी विचारायचा किती वाजले, मी सांगायचे, तो म्हणायचा तू खोटं बोलतेयस, एक तास झाला. वेळेचं भान पार जातं यात. अकरा वेळा विचारलं, कागदावर रेघा आहेत. पाणी घोट घोट, तेही तो स्वतः धरून पीत होता म्हणून.

रूममेटने फोनवर शोधून सांगितलं की काळे मिरे चावायला दे, लिंबू हुंगायला दे. याला ठोस पुरावा कुणाकडे नाहीये, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात मिरे कशाला. जागं राहण्यासाठी कॉफी तर अजिबात नको, आधीच १३२ चालू आहे.

आणि "गांजाने कोणी मरत नाही" हे वाक्यही रूममेटने तेवढ्यात तीनदा म्हणून घेतलं, स्वतःलाच धीर द्यायला असावं. मी विचारलं अजून काही घेतलंय का, दारू, गोळ्या? आधी नाही. मग थांबून, "अर्धी बीअर". हे पहिल्याच मिनिटाला विचारायला पाहिजे होतं ही माझी चूक. दारू सोबत असली की हा सगळा मामला बिघडतो, उलट्या, चक्कर, गुंगी सगळंच वाढतं. तरी मी अजून घरीच थांबायच्या विचारात होते, तो बोलतोय, ओळखतोय, श्वास ठीक आहे म्हणून.

सव्वादहाला तो म्हणाला बाथरूमला जायचंय. मी म्हणलं थांब मी धरते, तोवर हा उठला पण. उभा राहिला, दोन पावलं टाकली, आणि पाय दुमडल्यासारखा सरळ खाली, जाताना भुवई बेसिनच्या कडेवर. यात उभं राहिलं की बीपी एकदम पडू शकतं, त्यामुळे उठवायचंच तर आधी बसवून, थांबून, दोन्ही बाजूंनी धरून. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर.

रक्त बरंच आलं पण मला रक्ताची भीती नाही वाटली, भीती वेगळीच वाटली. आता हा गुंगीत गेला तर ती चॉकलेटची की डोक्याच्या माराची हे मी कशावरून ओळखणार? ओळखूच शकत नाही. इथे माझा निर्णय झाला. रूममेट म्हणतोय ताई प्लीज, घरी कळेल. म्हणलं कळू दे. अँब्युलन्सला फोन लावला, त्यांनी दोन प्रश्न विचारले, श्वास घेतोय का, हलवल्यावर जागा होतो का. येईपर्यंत डाव्या कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा वाकवून पुढे, तोंड जरा खाली, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. झाली पण, दोनदा.

कॅज्युअल्टीत गेल्यावर मी काय केलं सांगते, खोटं बोलले. "बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं असेल." लाज वाटते लिहायला. ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमनी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मला शिक्षा करायची नाहीये, काय घेतलं, किती आणि कधी एवढं सांगा, नाहीतर मला दहा गोष्टी शोधत बसावं लागेल." मग सगळं सांगितलं आणि तो कागद दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि फाइललाच लावून टाकला. रूममेटला परत पाठवून कचऱ्यातून रॅपर काढायला लावलं, त्याचा फोटो आला. गांजा म्हणून विकलेला खोटा, केमिकलवाला माल असेल तर प्रकरण फार वेगळं असतं, त्यात फिट्स येऊ शकतात, किडनी जाऊ शकते, म्हणून रॅपर बघायचं होतं.

बोटातून शुगर, ईसीजी, डोक्याची तपासणी, भुवईला तीन टाके, सलाईन, आणि घबराट कमी व्हायला थोडं औषध. मी विचारलं याच्यावर उतारा काय, तर म्हणाल्या उतारा नाही, उतरेपर्यंत सांभाळायचं. अफूच्या जातीच्या ड्रग्जमध्ये श्वास थांबतो तसं मोठ्या माणसात गांजाने सहसा होत नाही, कारण तो जिथे जाऊन बसतो त्या जागा मेंदूच्या श्वास चालवणाऱ्या भागात फार कमी आहेत. गंमत म्हणजे आपलं शरीर त्याच जागांसाठी स्वतःही एक रसायन बनवतं, १९९२ मध्ये सापडलं ते, आणि शोधणाऱ्यांनी नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या आनंदावरून. मी बाजूला भावाचा चेहरा बघत होते, आनंद म्हणे.

त्यांनी मला घरी कधी थांबायचंच नाही तेही सांगितलं, मी अँब्युलन्सला फोन लावला ते बरोबर होतं म्हणाल्या, जरा उशीरच झाला. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नाही, श्वास अडकतोय किंवा फार हळू, छातीत दुखतंय, फिट आली, उलट्या थांबेनात, डोक्याला मार, भास होऊन स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला धावतोय, सोबत दारू किंवा गोळ्या आहेत, आधीचा हार्टचा त्रास आहे, बाई गरोदर आहे, यातलं एक जरी असेल तरी विचार करत बसायचं नाही. आणि लहान मूल असेल तर लक्षणांची वाटसुद्धा बघायची नाही, एक तुकडा खाल्ला असेल तरी थेट हॉस्पिटल, कारण मुलं खरोखर बेशुद्ध पडतात आणि त्यांचा श्वास मंदावतो.

पहाटे पाचच्या सुमाराला त्याने परत विचारलं किती वाजले. पाच दहा. "बरं," म्हणाला, आणि झोपला. पहिल्यांदा माझ्यावर विश्वास ठेवला. दुसरा पूर्ण दिवस तो कापूस भरल्यासारखा होता, गाडीची किल्ली मी माझ्याकडेच ठेवली. डॉक्टरांनी सांगितलेलं की एका दिवसानंतरही संशय, भास, कोणीतरी मागे लागलंय असं राहिलं तर परत आणा, तसं काही राहिलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या फ्रिजमध्ये बघते तर उरलेले सहा तुकडे दारातल्या कप्प्यात, चांदीच्या कागदात, बाकीच्या चॉकलेटच्या शेजारी. त्याच घरात रविवारी रूममेटची चार वर्षांची भाची खेळायला येते. नुसते डब्यात टाकले तर कुत्रं उकरून खाईल म्हणून गरम पाण्यात विरघळवले, त्यात भांड्याचं लिक्विड सोबत ओतलं, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि खाली स्वतः नेऊन टाकलं.