तुम्ही विचारलंत म्हणून: गरीला (गळाच्या आकड्याला) मासा का लागत नाही?

इथे गोव्यात रविवारी दोन-तीन कुटुंबं मिळून तळीवर जायचं ठरतं. मुलं उत्साहात, डबे भरलेले, आणि चार तास बसून एकही नुस्तं, म्हणजे मासा, हाती लागत नाही. मग लोक हमखास विचारतात, "आमचं चुकतं कुठे? गरी तर महागातली घेतली होती."

चूक त्या गरीतच असते. दुकानात पुढे मांडलेलं सामान बहुतेक चोणक-तांबशासाठीचं, म्हणजे खाडीतल्या मोठ्या माशांचं. गोड्या पाण्यात मुलांना मिळणार काळुंदर आणि तिलापिया. काळुंदराचं तोंड एकदा जवळून बघा, करंगळीचं टोक जेमतेम आत जाईल. तो आमिष गिळत नाही, कुरतडतो. त्याला 10 किंवा 12 नंबरची गरी लागते. इथे नंबर उलटे चालतात, आकडा वाढला की गरी लहान होते. मागूर किंवा मरळ धरायचा असेल तर 4 किंवा 6 घ्या.

दोर 0.20 मिलिमीटरचा पुरे. शेवटची वीतभर त्याहून बारीक, 0.16ची जोडा. गरी मुळांत अडकली तर तेवढीच तुटते, बाकी सगळं परत येतं. काठी बांबूची, तीनेक मीटर लांब. मुलांना रीळ नको, अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो. दोर काठीपेक्षा हातभर आखूड ठेवा, म्हणजे आलेला मासा थेट हातात येतो.

गाठ मात्र नीट शिका. दोर गरीच्या डोळ्यातून काढा, मूळ दोराभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्यालगतच्या फटीतून परत घ्या आणि ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढलेली गाठ घासून तापते आणि दोर तिथेच कमजोर होतो. मासा सुटून गेला आणि दोराचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं आलं, तर दोर तुटलेला नाही, तुमची गाठ सुटली आहे.

जुन्या स्लिपरच्या रबराचा बोटभर तुकडा कापला की झालं बूच, म्हणजे दोरावरचा तरंगा. त्याखाली शिशाचे मणी एकेक करून लावत जा, पाण्यावर बुचाचं फक्त नखभर टोक दिसेपर्यंत. मणी पकडीने दाबा, दातांनी नको, शिसं विषारी असतं. बूच फार वर राहिलं की माशाला ते खाली ओढायला जोर लागतो आणि तो आमिष सोडून देतो. खोली मोजायला गरीला एक जड शिसं अडकवून सोडा. बूच बुडालं तर ते वर सरकवा, आडवं पडलं तर खाली. आमिष तळाच्या चार बोटं वर राहायला हवं.

आमिषाला गांडूळ सगळ्यात खात्रीचं, पण अर्ध्या इंचाचाच तुकडा. अख्खं लटकवलं की मासे शेपटी खाऊन जातात. दुसरं म्हणजे कणीक. एक वाटी पीठ आणि पावाचा गर थोड्या पाण्यात घट्ट मळा, त्यात कापसाचे दोन-चार धागे कुस्करून घाला. कापसामुळे गोळी फेकताना गळून पडत नाही. गोळी वाटाण्याएवढी, त्याहून मोठी नको.

बूच थरथरलं की लोक काठी झटकतात. थांबा. ती नुसती कुरतड असते. बूच तिरकं सरकायला लागलं, किंवा अचानक वर येऊन आडवं झालं, की मनगटाने हलकेच उचला. वर का येतं? मासा आमिषासकट शिसं उचलतो म्हणून.

वेळ सकाळी नऊपर्यंत, नाहीतर चारनंतर. ऑक्टोबरपासून पाणी निवळतं, तेव्हापासून खरा मोसम. पावसाळ्यात मुलांना व्हाळावर (ओढ्यावर) नेऊच नका. घाटात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं.

जागा निवडताना गाववाल्यांना विचारा. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर या अभयारण्यांत मासेमारीला बंदी आहे. धरणावर परवानगी लागते. देवळाच्या तळीत कुणी गरी टाकत नाही. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीजवळ, म्हणजे पाण्याच्या दाराजवळही नको, तिथल्या मासळीची पावणी (लिलाव) होते, हक्क कुणीतरी पैसे मोजून घेतलेला असतो. कुंभारजुव्याच्या बाजूला मगरी आहेत, काठाला बसून पाय पाण्यात सोडू नका.

मुलांच्या गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच चपटा करा. बोटात रुतली तरी सहज निघते, आणि दोर ताणून ठेवला तर मासाही सुटत नाही. मागूर आला तर फडक्याने धरा, त्याच्या बाजूच्या काट्यांनी चांगलंच बोचतं. काळुंदराची जोडी पिल्लांभोवती फिरताना दिसली तर तिथे गरी टाकू नका, आईबाप दोघं मिळून राखण करतात. ते गेले की पिल्लं उरत नाहीत.

तळीच्या माशाला कधी चिखलाचा वास येतो. तो पाण्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म जिवांमुळे मांसात उतरतो, नुसत्या धुण्याने जात नाही, आंबटाने कमी होतो. कापून झाल्यावर व्हिनेगरमध्ये किंवा भिंडा सोलांच्या (आमसुलांच्या) पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि मगच मीठ-हळद लावा.