ग्लस्टर रिकामा करताना उगाच नेटवर्कवाल्यांशी भांडलो

ऑफिसातला जुना ग्लस्टर (अनेक सर्व्हरांच्या डिस्क जोडून केलेलं एक मोठं स्टोरेज) रिकामा करायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. रेड हॅटने त्यांच्या ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्ट 2024 च्या डिसेंबरअखेर बंद केला, म्हणजे हे कधीतरी होणारच होतं, सेफएफएस या तसल्याच दुसऱ्या स्टोरेजवर जायचं ठरलं. मी आपला सवयीने एक आरसिंक (फायली कॉपी करायचं टूल) लावून घरी गेलो, सकाळी बघतो तर दहा गिगाबिटची लिंक जवळपास मोकळी, म्हणजे कॉपी रखडलेली! अर्धा दिवस नेटवर्कच्या पोरांशी हुज्जत घातली (सॉरी रे).

लिंकचा काहीच दोष नव्हता. आमच्या कोटीभर बारक्या फायली, थंबनेल आणि स्कॅन. ग्लस्टरमध्ये मेटाडेटाचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे वगैरे माहितीचा, वेगळा सर्व्हर नसतो, प्रत्येक फाइलचा लुकअप (शोध) तिच्या सगळ्या रेप्लिकांकडे, म्हणजे प्रतींकडे जातो, वर फ्यूज माउंटची, म्हणजे ग्लस्टर साध्या फोल्डरसारखा दाखवणाऱ्या थराची भर. फाइलमागे नुसते 5 मिलिसेकंद धरा, कोटी फायलींचे 14 तास होतात, एक बाइटही न हलवता. आणि आरसिंक जातो एकामागून एक.

मग फायलींची यादी माउंटवरून न काढता थेट ब्रिकवर, म्हणजे सर्व्हरच्या डिस्कवरच्या खालच्या एक्सएफएस फाइलसिस्टिमवर फाइंड (फायली शोधायची कमांड) चालवून काढली, हाच खरा फरक पडला. फक्त रेप्लिका सेटमागे (त्याच फायलींच्या प्रती ठेवणाऱ्या ब्रिकांच्या गटामागे) एकच ब्रिक घ्या, डॉट-ग्लस्टरएफएस फोल्डर वगळा नाहीतर हार्डलिंकमुळे (त्याच फाइलचं दुसरं नाव) तीच फाइल परत येते, आणि परमिशनमध्ये नुसता टी दिसणाऱ्या शून्य साइझच्या लिंक-टू फायली (खरी फाइल दुसऱ्या ब्रिकवर आहे एवढंच सांगणाऱ्या) गाळा. कॉपी मात्र माउंटवरूनच, ब्रिकला हात लावायचा नाही.

यादीचे 16 तुकडे करून तितके आरसिंक एकदम सोडले. तुकडे फायली मोजून पाडलेले, तर सगळे व्हिडिओ नेमके एकात, पंधरा जण कधीच मोकळे आणि एकटा रात्रभर राबतोय. मग एफपार्ट नावाचं टूल वापरलं, ते साइझ बघून वाटणी करतं. 16 च्या वर गेलो तर जुन्या फिरत्या डिस्क रडायला लागल्या, तिथेच थांबलो.

एक गोष्ट मात्र डोक्यातच आली नाही, यादीवरून चालणारा आरसिंक पलीकडचं, म्हणजे नव्या स्टोरेजवरचं काही डिलीट करत नाही. अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, "अहो, ह्या फायली मी गेल्या आठवड्यात उडवल्या होत्या, परत कुठून उगवल्या?" शेवटी रविवारी जुना व्हॉल्यूम रीड-ओन्ली केला आणि एकेका मोठ्या फोल्डरवर डिलीटसकट पूर्ण पास मारला, सोमवारी मॅडमना आधी मीच फोन केला.