हॉलमधल्या सायकली आणि आमचे हे

आमच्या घरी सायकली तीन आणि चालवणारी मी एकटी. एक माझी हायब्रीड, म्हणजे रोडची आणि डोंगराची यांच्या मधली, रोज पहाटेची. दुसरी लेकीची जाड टायरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, लेक पुण्याला नोकरीला, सायकल नागपुरात, आणि फोन ठेवताना दर वेळी "आई, विकू नको हं." तिसरी माझ्या बाबांची बावीस इंची काळी सायकल, कॅरिअर अन् डायनामोसकट. तिन्ही दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या टू बीएचकेमध्ये राहतात. सायकल घरात आणायला आमच्या ह्यांचा ठाम विरोध होता. तरी हे जमलं कसं, ते लिहून ठेवते, कारण फुटाळा तलावावर सकाळी भेटणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरी हाच वाद चालू आहे.

सप्टेंबर २०२३ पर्यंत प्रश्नच नव्हता. सायकली खाली पार्किंगमध्ये, खांबाला साखळीने बांधलेल्या. २२ तारखेला आमच्याकडे महालक्ष्मीचं जेवण होतं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं आवरून अंग टाकलं तेव्हा पाऊस सुरू झाला होता. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी वस्तीत शिरली. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सगळीकडे तळमजल्यात पाणी. आमच्या पार्किंगमध्ये मांडीपर्यंत होतं. उजाडल्यावर ह्यांनी आणि मी मिळून सायकली गाळातून ओढून काढल्या आणि वर आणल्या. महालक्ष्म्यांचं विसर्जन व्हायचं होतं, त्या अजून हॉलमध्येच उभ्या होत्या. त्यांच्यासमोर चिखलाने बरबटलेल्या तीन सायकली. त्या दिवशी घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

बुडालेली सायकल नुसती धुऊन चालत नाही, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाहेरून लख्ख दिसते, पण पाणी आणि बारीक गाळ चाकाच्या हबमध्ये, पेडलच्या आसात, हँडलच्या कपात जाऊन बसतो. मिस्त्रीने उघडलं तेव्हा आतलं ग्रीस दुधाळ झालेलं होतं. सगळे छर्रे काढून, रॉकेलमध्ये धुऊन, नवं ग्रीस भरावं लागलं. सीटची नळी काढून फ्रेम उलटी केली तर आतून पाणी निघालं. हे सगळं बघितल्यावर सायकली परत खाली ठेवायच्या नाहीत, हे माझं पक्कं झालं. ह्यांचं मात्र वेगळंच पक्कं होतं. पाऊस संपला की सायकली खाली.

दसरा गेला, दिवाळी जवळ आली. "हॉलमध्ये सायकलचं दुकान मांडून राहिली का तू?" हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, अहो, आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये एकट्याने रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, आणि मला सायकल ठेवायला चार फूट जागा मिळत नाही. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तू अमेरिका पार करून ये. मग तुझी सायकल देवघरात ठेवू."

असल्या बोलण्यातून काही निघत नाही. मी दुसरा मार्ग धरला. हे जन्मभर ऑडिटमध्ये होते, आक्षेप मुद्देसूद लिहून काढायची सवय. मी वही-पेन पुढे ठेवलं आणि म्हटलं, नुसतं नको म्हणू नका, काय काय नको ते सांगा. एका "नको"मध्ये बरंच काही भरलेलं निघालं. नव्या रंगाच्या भिंतीवर चेनचे काळे ओरखडे. पावसात सायकल आणली की फरशीवर पाण्याचा माग. पोछा मारायला येणाऱ्या ताईंची कटकट (त्यांनी मला आधीच सुनावलं होतं, "ताई, मी सायकली हलवू का पोछा मारू? एक काय ते सांगा"). आणि पाहुणे आले की कानकोंडं होतं. पाहुण्यांचा मुद्दा मी मनातच खोडला. ज्यांना हॉलमधली सायकल बघून त्रास होतो ते पाहुणे कमी आले तरी आमचं काही अडत नव्हतं.

खरा मुद्दा वहीत नव्हताच. तो मला एका रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा दिसला. हे पॅसेजमध्ये उभे होते आणि चपलेच्या टोकाने एमटीबीचं पुढचं चाक भिंतीकडे वळवत होते. हँडल आत गेलं की नाही ते हाताने चाचपलं, मग झोपायला गेले. रोज करत असणार, मला पत्ता नव्हता. थोड्या वेळाने सासूबाई बाथरूमला उठल्या. आई रात्री भिंत धरून चालतात. काठी आहे, पण ती पलंगाशी ठेवून देतात, भिंतीवर भरवसा जास्त. आणि त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या त्या भिंतीला मी सायकली टेकवून ठेवल्या होत्या. आईंचा हात भिंतीवरून सरकत आला, सीटला लागला, मग हँडलला, मग ब्रेकच्या वायरला, आणि पुन्हा भिंतीवर गेला. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. ह्यांनी आईचं नाव पुढे केलं नव्हतं, कारण तसं केलं असतं तर वाद तिथेच संपला असता, आणि मला वाटतं तो तसा संपवणं त्यांना बरं वाटलं नसेल.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन बसले. पॅसेज साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस इंच. एमटीबीचं हँडल अठ्ठावीस इंच. उरले चौदा. त्यात माणूस आडवा होऊन जाईल, म्हातारं माणूस नाही. सायकल भिंतीला समांतर वर टांगायचे स्टँड मिळतात, फोटोत फार देखणे दिसतात. पण ते लावले की सायकलचा खालचा भाग नेमका आईंच्या हाताच्या उंचीला येतो. म्हणजे पॅसेज पूर्ण बाद. गॅलरी पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनपासून सहापर्यंत तिथे ऊन तापतं, आणि पंचेचाळीस डिग्रीत थेट उन्हात टायरचं रबर तडकतं, सीटचं कव्हर फाटतं. शिवाय गॅलरीच्याच खिडकीला कूलर. कूलरची ओली हवा चेनवर येत राहिली तर महिनाभरात तांबूस पडते. उरला हॉलचा कोपरा, गॅलरीच्या दाराशेजारचा, जिथे कृत्रिम फुलांचा एक मोठा स्टँड वर्षानुवर्षं धूळ खात होता. तो ह्यांच्या बहिणीने दिलेला. त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

हायब्रीड उभी टांगायची ठरली, पुढचं चाक वर हुकात. अशी टांगली की भिंतीपासून तीन फुटांच्या वर पुढे येते, म्हणून बाजूला वळणारा हुक घेतला. टांगून झाली की दार मिटावं तशी सायकल भिंतीकडे मिटते. मिस्त्री हॅमर ड्रिल घेऊन आला. आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकत गेला. "मॅडम, ही पडदी आहे. चार इंची. इथं नका लावू, एक दिवस विटेसकट हातात येईल." मग कोपऱ्यातला आरसीसी कॉलम ठोकला, आवाज बदलला. तिथे अँकर फास्टनर मारायचे ठरले. पहिल्याच भोकात बिट अडकली, आत सळई लागली. त्याने सळई कापायचा हट्ट न करता भोक इंचभर बाजूला घेतलं, हे मला आवडलं. प्लास्टर अर्धा-पाऊण इंच असतं, त्यात पकड नसते. बोल्ट त्याच्या पार आत काँक्रीटमध्ये रुतला पाहिजे, म्हणून लांब बोल्ट घ्यायचा. घट्ट झाल्यावर मिस्त्री दोन्ही हातांनी हुकाला लोंबकळला. हे शेजारी उभे राहून बघत होते. "मुलं झुलतील असं करू नका," एवढंच म्हणाले.

हुकाची उंची डब्यावरच्या चित्रावरून ठरवू नये. सायकल उचलणारं माणूस समोर उभं करावं. मी पाच फूट एक इंच. तेरा किलोची सायकल डोक्यावर उचलायची म्हटलं तर कंबर जाईल आणि मग सायकली खाली ठेवायला ह्यांना आयतं कारण. सायकल मागच्या चाकावर उभी करायची, मागचा ब्रेक दाबून ठेवायचा, गुडघ्याने सीटला किंचित रेटा द्यायचा आणि पुढचं चाक हुकात सरकवायचं. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर राहील इतकीच उंची ठेवली. उचलायला जवळजवळ काही नाही, आणि खालून पोछा निघतो. ताईंनी पहिल्या दिवशी पोछा सरकवून पाहिला, मान हलवली आणि पुढच्या खोलीत गेल्या. भिंतीला चाकं टेकतात तिथे स्वयंपाकघराच्या कामातून उरलेली सनमायकाची पट्टी चिकटवली. आता ओरखडे पट्टीवर येतात, ओल्या फडक्याने निघतात. सायकलला तेलाचे डिस्क ब्रेक असतील तर उभी टांगल्यावर, निघायच्या आधी ब्रेक दोन-चारदा दाबून पाहावा. लाइनमध्ये हवा राहिली असेल तर ती जागा बदलते आणि पहिला ब्रेक पोकळ लागतो.

चेनच्या काळ्या डागांचं औषध अगदी स्वस्त निघालं. आपण तेल ओततो. चेनला प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब पुरतो, पाच मिनिटांनी बाहेरून जुन्या बनियनने कोरडी पुसायची. बाहेरचं तेल काही कामाचं नसतं, ते फक्त धूळ धरतं, आणि ती काळी पेस्ट भिंतीला, सलवारीला, लिफ्टच्या आरशाला लागते. लिफ्ट बंद असली की सायकल खांद्यावर घेऊन जिना चढते, चेनची बाजू बाहेर ठेवून.

लेकीची एमटीबी. ती कोणी चालवत नाही, पण विकायची नाही. म्हणजे तिला हाताशी असण्याची गरज नव्हती, फक्त चपटी व्हायची गरज होती. स्टेमचे, म्हणजे हँडल धरणाऱ्या भागाचे, बोल्ट सैल केले आणि हँडल फ्रेमच्या रेषेत वळवलं. मग पेडल काढले. पंधरा नंबरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. नेहमीसारखं फिरवत बसलात तर आणखी घट्ट होतं आणि पाना निसटून बोटं सोलतात. पेडल एका पिशवीत घालून सीटखाली बांधले. एवढं केल्यावर सायकल जाडीला जेमतेम वीतभर उरली आणि बेडरूममध्ये कपाट आणि भिंतीच्या मधे सरकली. माझ्या बाजूला. ह्यांची अट होती तशी.

करार असा झाला. पावसाळ्यात सायकल आधी जिन्याच्या चौकात, तिथेच जुन्या चादरीने चाकं पुसायची, पाणी निथळलं की आत. आईंची भिंत मोकळी, तिथे छत्रीसुद्धा टेकवायची नाही. महालक्ष्मीचे तीन दिवस हॉल पूर्ण रिकामा, तेव्हा हायब्रीडही बेडरूममध्ये. आणि नवी सायकल आणायची असेल तर आधी एक बाहेर. ह्या शेवटच्या कलमावर मी सही केली आहे, पण काही बोलले नाही.

राहिली बाबांची. वीस किलोच्या वर वजन. खालीच ठेवू, असं मीही म्हटलं होतं. पार्किंगच्या कॉलमवर पाण्याच्या वर हुक मारायची परवानगी मागितली, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये सामायिक जागेचा नियम निघाला आणि विषय तिथेच मिटला. मग गॅलरीच्या स्लॅबमध्ये बंगईसाठी, म्हणजे झोपाळ्यासाठी, घातलेले दोन हुक होते, बिल्डिंग बांधतानाच ओतलेले, दोन माणसांचं वजन सहज पेलणारे. बंगई आम्ही रंगकामाच्या वेळी उतरवली होती. तिथे कप्पी लावून सायकल वर ओढली, उन्हासाठी जुनी ताडपत्री गुंडाळली. लोखंडी फ्रेम, बंद चेन कव्हर, जाड टायर. तिला ऊन-पाऊस नवा नाही. फक्त चामड्याची सीट काढून आत ठेवली.

ह्या वर्षी होळीनंतर कूलर काढला, नवी जाळी बसवली. त्याच दिवशी ह्यांनी माळ्यावरून बंगईच्या पितळी कड्या काढल्या आणि चिंच लावून घासायला बसले. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "नवतपा लागायच्या आत बंगई टांगलेली पाहिजे. संध्याकाळी आई बसत होती तिच्यावर." (नवतपा म्हणजे मेच्या शेवटचे ते तापलेले नऊ दिवस.)

म्हणजे त्याच हुकांना टांगलेल्या बाबांच्या सायकलसाठी पुन्हा टेप काढणं आलं. कॉलमला दुसरा हुक बसेल, पण ते वीस किलो मी रोज वर सरकवणार नाही. पलंगाखाली मावत नाही, पुढच्या चाकाशी अडते. शेवटी काटोलला भावाला फोन केला. त्याचं स्वतःचं घर आहे, अंगण आहे, शेड आहे. आणि सायकल शेवटी आमच्या दोघांच्या बाबांची. फोनवर एकदम खूश झाला. "येतो नं रविवारी घेऊन जायला," म्हणाला. मग थोडं थांबून, "फक्त हिला एकदा विचारून सांगतो."

अजून त्याचा फोन आलेला नाही.