बाई पडल्या, आणि यंत्र गप्प बसलं

आमचं यंत्र तसं तयारच होतं. भिंतीवर लावायचं; घरात कोणी पडलं की ते ओळखणार आणि विचारणार, "आपण ठीक आहात का?" 'हो' ऐकलं की गप्प. तीस सेकंदांत उत्तर आलं नाही, तर मुलाला फोन. पुण्यात घरोघरी जाऊन आम्ही ते म्हाताऱ्या माणसांना दाखवलं. सगळे "छान आहे हो" म्हणाले, चहा पाजला, माझ्या पगाराचीही चौकशी केली. घरी आलेल्या पोराला तोंडावर वाईट कोण म्हणणार?

म्हणून नाटक. कल्पना उसनी. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात अ‍ॅलन न्यूएल यांच्या गटाने अशाच यंत्रासाठी नटांकडून प्रसंग करून घेतले, चित्रित केले आणि मध्येमध्ये थांबवून वृद्ध प्रेक्षकांना बोलतं केलं. २००५च्या सुमारास त्यावर लिहिलंही. आम्ही त्यात ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरची एक युक्ती मिसळली: पटलं नाही तर प्रेक्षकाने उठून पात्राची जागा घ्यायची.

ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल, चाळीसेक माणसं. नेपथ्य म्हणजे एक टेबल, त्यावर गॅसची शेगडी आणि दुधाचं पातेलं. पडद्यामागे माईक घेऊन मी, म्हणजे यंत्र. हौशी रंगभूमीवरच्या एक बाई मालतीबाई झाल्या आणि ओट्याशी अशा धाडकन पडल्या की पहिल्या रांगेतले आजोबा अर्धे उठलेच.

प्रसंग थांबवला. आता कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, सगळे मालतीबाईंची बाजू घेत होते. "आधी गॅस कोण बंद करणार?" "मुलाला कशाला फोन? तो अमेरिकेत, तिकडे मध्यरात्र. समोरच्या वहिनींकडे किल्ली असते, त्यांना करा." महिनाभराच्या मुलाखतींत शेजारणीच्या किल्लीचा उल्लेखसुद्धा आला नव्हता.

मग एक आजी पुढे आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, नऊवारीत. त्यांना खाली झोपवायची आमची छाती नव्हती. खुर्चीवर बसून पडल्याचं समजा, म्हटलं. त्यांनी पदर सारखा केला, एक हात कमरेवर दाबून धरला आणि विव्हळल्या. मी माईकवर विचारलं, "आपण ठीक आहात का?"

"हो हो, ठीक आहे. काही नाही झालं."

हॉल हसला. यंत्राचा नियम पाळून मी गप्प बसलो. आजी तशाच कमरेला हात लावून बसून राहिल्या. पाच सेकंद, दहा सेकंद. हसू विरत गेलं. कोणीतरी मागून म्हणालं, "आपण सगळे हेच म्हणणार की."

पडद्यामागे माझे कान तापले. 'हो' म्हणजे हो, ही ओळ मीच लिहिली होती.

आजी पडद्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, ठीक आहे का असं विचारू नकोस. उठता येतंय का, ते विचार." जाता जाता पुढे, "आणि 'आपण' काय? मी काय बँकेत आलेय?"

वहीत आधी तेवढंच लिहिलं. शेजारणीचा नंबर पहिला लावायला हवा, हे त्याच्याखाली.

नंतर चहा आणि बटाटेवडे आले. मालतीबाई झालेल्या बाई डाव्या हातानेच कप उचलत होत्या. मी विचारलं, "लागलं का हो?"

"छे, ठीक आहे," त्या म्हणाल्या. शेजारी बसलेल्या आजींनी काही न बोलता त्यांची उजवी बाही वर केली. कोपर टम्म सुजलं होतं.