मोठी कंपनी आणायला काय सवलत द्यावी?

लहान शहरांचे पदाधिकारी हा प्रश्न हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगते: सवलतीचा कागद जरा बाजूला ठेवा आणि शहरात आज चालू असलेल्या धंद्यांच्या दारात जा.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या लिटलटनने हेच केलं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीने हजारो कामगार कमी केले. दुसरी बडी कंपनी शोधत फिरण्यापेक्षा आहेत तेच उद्योजक वाढवायचे, असं शहराने ठरवलं. त्यासाठी पैसे वाटले नाहीत, माहिती दिली. संभाव्य ग्राहकांच्या याद्या, नकाशे, स्पर्धकांचा अभ्यास, म्हणजे एकट्या छोट्या मालकाला न परवडणारं काम पालिकेच्या माणसांनी करून दिलं. या पद्धतीला ‘इकॉनॉमिक गार्डनिंग’ म्हणतात.

सुरुवात भेटींपासून करा. दोघांनी जायचं, पाऊण तास बसायचं. करवसुली किंवा परवाना विभागातलं कुणी सोबत नेऊ नका; त्यांच्यासमोर मालक खरे आकडे सांगत नाही. प्रश्न ठरलेले हवेत. वर्षभरात माणसं वाढली की घटली? जागा पुरते का? भाडेकरार कधी संपतो? बाहेरून काय मागवता? तुमच्यानंतर धंदा कोण बघणार? जागा अपुरी आणि करार वर्षभरात संपणार, असं उत्तर आलं तर तो धंदा शहर सोडण्याच्या बेतात आहे असंच समजा आणि त्याच आठवड्यात रिकाम्या गाळ्यांची यादी घेऊन परत जा. वारस नसलेला धंदाही असाच हातचा जातो. त्याची गाठ वेळेत एखाद्या जुन्या कामगाराशी किंवा खरेदीदाराशी घालून देता येते. या भेटी बहुतेकदा फसतात त्या नंतरच्या शांततेमुळे. तक्रार लिहून घेतली आणि पुढे काही कळवलंच नाही, तर दुसऱ्या खेपेला दार उघडत नाही. ‘हे जमणार नाही’ हे उत्तरसुद्धा आठ दिवसांत द्या.

मग परवाने. नवं पोर्टल बांधायच्या आधी मंजूर झालेल्या शेवटच्या वीस फायली काढा आणि प्रत्येक टेबलावरची आवक-जावक तारीख शेजारी-शेजारी मांडा. प्रत्यक्ष तपासणी काही तासांची आणि पडून राहणं काही आठवड्यांचं, असं चित्र पुष्कळदा दिसतं. त्रुटीही हप्त्याहप्त्याने कळवल्या जातात: आधी नकाशा, मग अग्निशमनाचा दाखला, मग सांडपाण्याची जोडणी. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात आणि सगळ्या पाहण्या एकाच दिवशी, एवढे दोनच नियम करा. दुकान उघडायच्या आधीच भाडं भरत बसलेल्या माणसाचं भांडवल इथेच संपतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण ते टाळायला पैसे लागत नाहीत.

पालिकेची स्वतःची खरेदी हे तिसरं हत्यार. इंग्लंडमधल्या प्रेस्टनमध्ये मोठ्या खरेदी-संकुलाची योजना २०११मध्ये बारगळली. नंतर तिथली नगर परिषद, पोलीस, शिक्षणसंस्था वगैरेंनी आपला खर्च कुठे जातो ते तपासलं. शहरातल्या पुरवठादारांचा वाटा २०१२-१३मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०१६-१७पर्यंत १८ टक्क्यांवर गेला. स्थानिकांसाठी राखीव निविदा काढणं अनेक ठिकाणी कायद्यात बसत नाही, म्हणून अडथळे काढा. मोठ्या कामाचे तुकडे पाडा, उलाढालीची अट कामाच्या आकाराएवढीच ठेवा, अनामत कमी करा. आणि बिल तीस दिवसांत द्या. उशिरा मिळणारं बिल छोट्या ठेकेदाराला मोडतं, मग निविदेला तेच ते मोठे खेळाडू उरतात.

पार्किंगबद्दल थोडक्यात: दुकानासमोरच्या जागा पुष्कळदा दुकानदारांच्याच गाड्या दिवसभर अडवतात. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाने १९९३मध्ये जुन्या बाजारात गाडी लावायचे पैसे घेणारे मीटर बसवले आणि ते पैसे त्याच बाजाराच्या पदपथांवर, दिव्यांवर खर्च केले. पैसा तिथेच राहणार म्हटल्यावर व्यापारी तयार झाले.

एवढं करूनही मोठी कंपनी दारात आली आणि सवलत द्यायचीच ठरली, तर ती आगाऊ देऊ नका. नोकऱ्या दरवर्षी पगारपत्रकावरून मोजा, रक्कम टप्प्याने सोडा, आणि मुदतीआधी कंपनी निघून गेली तर किती पैसे किती दिवसांत परत करायचे ते करारात आकड्यानिशी लिहून घ्या.